पिकअपचं इंजिन आणि गल्लीभर सल्ले

वहिनी, कपडे वाळत घालता घालताच ऐका. पिकअपवाल्या दादाची गाडी माळशेजात बसली, कळलं का? नाही? म्हणजे तुम्ही गावाला काय गेलात, इकडे आपल्या निवासी विभागातला प्रत्येक जण इंजिनातला तज्ज्ञ झालाय. दूधवालासुद्धा परवा पिशवी हातात देता देता म्हणाला, "काकू, रिंगा गेल्यात तिच्या." याला कुणी विचारलं होतं?

झालं असं. भिवंडीच्या गोदामातून माल भरून तो आळेफाट्याला निघाला होता. मुरबाड गेलं, टोकावडं गेलं, घाट लागला आणि गाडीचा दमच गेला. काटा वर चढलेला, मागे पांढरा धूर, चारातली दोन सिलिंडरं गप्प. तिथेच बाजूला घेतली असती तर बरं झालं असतं. पण माल पोचवायचा होता, म्हणून रेडिएटरमध्ये पाणी ओतून आणखी दोन वळणं दामटली. मग जी बसली ती बसलीच. माल दुसऱ्या गाडीत भरला, भाडंही त्या गाडीवाल्यानेच नेलं, आणि आपली गाडी दुसऱ्याच्या मागे बांधून कल्याणला आली. रात्री अकराला त्याची बायको आमच्या दारात. "काकू, काका झोपले का हो?"

आमचे हे झोपेतसुद्धा इंजिन म्हटलं की उठतात. अर्ध्याहून जास्त नोकरी प्रीमियरमध्ये झाली, तुम्हाला ठाऊकच आहे. कल्याण-शिळ रोडला आता टॉवरवर टॉवर चढलेत ना, त्या बाजूला यांची ड्यूटी. नव्वदच्या दशकात तिथून प्यूजो ३०९ बाहेर पडायची. पुढे संप, टाळेबंदी, सगळं बघितलं. कंपनी गेली, मैदानाला तेवढं प्रीमियरचं नाव राहिलं. पण यांच्या हातातला मायक्रोमीटर काही सुटला नाही. घरी दुधावरची साय किती जाड आली तेही मोजायला कमी करणार नाहीत.

तर रात्री अकराला हे शर्टाची बटणं लावत तिला विचारतात, "ऑइल किती प्यायची?" ती म्हणाली, "काका, मला काय ठाऊक, पण वहीत बघून सांगते." आणि खरंच, पोरीने वही आणली हो! डिझेल, टोल, हमाली, ऑइलचे डबे, पंक्चर, सगळं तारीखवार. त्याला गाडी चालवता येते, हिशोब हिला येतो. वर्षभरात ऑइल वरून घातलंय ते फार नाही. हे म्हणाले, "मग रिंगांच्या नावाने बोंब मारायची घाई नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी याच भिंतीपाशी सभा भरली. तुमच्याच जास्वंदीवर हात टाकून उभे होते सगळे. दोन कळ्या पडल्या, आधीच सांगून ठेवते.

पहिले बोलले आपले बँकेतले भाऊसाहेब. त्यांचं म्हणणं सरळ, विकून टाक आणि नवी घे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय, याहून चांगला मुहूर्त कुठला? आता ते खोटं नाही. पण स्पेअर पार्टचा जीएसटीही त्याच दिवशी १८ वर आला, ते काही त्यांनी सांगितलं नाही. बँकेतला माणूस, त्याला कर्ज दिसतं, पिस्टन दिसत नाही. दादाच्या बायकोने तिथल्या तिथे वहीच्या मागच्या पानावर मांडलं. नवी पिकअप नऊ-दहा लाखांच्या घरात. दीड लाख कुठून तरी उभे केले तरी साडेआठ लाखांचं कर्ज राहतं. पाच वर्षं, दहा टक्के व्याज धरलं तरी महिन्याला अठरा हजार हप्ता. वर नव्या गाडीचा विमा. तिने वही फिरवून भाऊसाहेबांना दाखवली आणि म्हणाली, "काका, पावसाळ्यात मंडपाची भाडी नसतात. जुलैचा हप्ता कोण भरणार?" भाऊसाहेब चष्मा पुसायला लागले.

मग कुणीतरी छोट्या हत्तीचं काढलं. टाटाने जून २०२५ मध्ये एस प्रो काढली, किंमत चार लाखांच्या आतून सुरू. स्वस्त आहे, मान्य. २००५ साली पहिला छोटा हत्ती आला, दोन सिलिंडरं, ७०२ सीसी, सोळा हॉर्सपॉवर, तेव्हा डोंबिवलीतल्या निम्म्या टेम्पोवाल्या पोरांचे संसार त्याच्यावर उभे राहिले. पण एस प्रो माल घेते पाऊण टन. आणि याला ओतूरचा कांदा, नारायणगावचा टोमॅटो कल्याणच्या मार्केटला आणायचाय आणि जाताना किराणा वर चढवायचाय. सव्वा-दीड टनाच्या धंद्याला पाऊण टनाची गाडी घेतली तर गाडी स्वस्त आणि फेऱ्या दुप्पट. त्यात डिझेल, ड्रायव्हरचा जीव आणि तो शिळफाटा! परवा आमची भाची पलावाहून इथे यायला दीड तास म्हणत होती.

तिकडून सेक्रेटरींचा मुलगा. मोबाइलवर कसलंसं रील दाखवत होता. जुन्या पिकअपमध्ये मोठं कॉमन रेल इंजिन, टर्बो, इंटरकूलर, काय नि काय. "दादा, अपग्रेड मार. घाटात कारला ओव्हरटेक करशील." मला सांगा वहिनी, कांद्याची गाडी कारला ओव्हरटेक करून काय मिळवणार? कांदा लवकर कुजतो का? पण हे हसले नाहीत. त्याला नीट बसवून सांगितलं, मी इथूनच ऐकत होते, मटार सोलत.

म्हणाले, हे इंजिन २५२३ सीसीचं. बोअर साडेतीन इंच, स्ट्रोक बरोबर चार इंच. इंचात मोजलं की आकडा कसा पूर्ण येतो बघ. लांब स्ट्रोकचं, सावकाश फिरणारं, खालच्या गिअरला ओढणारं. कुळ ट्रॅक्टरचं, धावायचं नाही, ओढायचं. याच्या मागचा क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्टचे जॉइंट, क्राउन-पिनियन, ब्रेक सगळं एवढ्याच ताकदीच्या हिशोबाने बसवलंय. तू पुढे दीडपट ताकद बसवलीस की महिन्याभरात मागून एकेक जण राजीनामा देतो. आधी क्लच प्लेट, मग गिअर, मग क्राउन. शिवाय कॉमन रेलला स्वतःचं कॉम्प्युटर, सेन्सर, वायरिंगचं जाळं. २०१२ च्या बीएस-३ गाडीत ते बसवलं तर टोकावड्यात बंद पडल्यावर स्कॅनर घेऊन कोण येणार? आत्ता पंपात बिघाड झाला तर मुरबाडचा कुठलाही मिस्त्री पाना घेऊन उभा राहतो.

आणि कागद! मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. आरटीओची परवानगी न घेता दुसऱ्या जातीचं इंजिन टाकलं तर फिटनेसला अडकते, आणि अपघात झालाच तर विमावाला पहिला प्रश्न तोच विचारतो. मुलाने मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाला, "मग सीएनजी?" तेवढी अक्कल आहे त्याला. सीएनजीला कायद्यात वाट आहे. बीएस-६ च्या साडेतीन टनांपर्यंतच्या डिझेल गाड्यांत डिझेलचं काढून सीएनजीचं इंजिन बसवायला २०२२ साली परवानगी निघाली. पण कुठलंही किट कुठल्याही गाडीला चालत नाही, त्या त्या मॉडेलसाठी मान्यता मिळालेलंच लागतं, आणि बसवणाराही मान्यताप्राप्त लागतो. जुन्या बीएस-३ पिकअपसाठी तो सगळा खटाटोप आणि वर हौद्यात टाकीचं वजन. शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये गॅसची पाइपलाइन बिघडली तेव्हा ठाण्यापासून मुंबईपर्यंत रिक्षांच्या रांगा लागलेल्या आठवतात ना? मी स्वतः स्टेशनहून चालत आले होते, हातात दोन पिशव्या.

खरा गमतीचा माणूस पुढेच आहे. दादाचा मेव्हणा! तो कळव्याहून मुद्दाम आला, पांढरे बूट घालून. म्हणे, "दाजी, कशाला दहा दिवस गाडी उभी ठेवता? कुर्ल्याला सीएसटी रोडवर तयार इंजिन आहे. अपघाताच्या गाडीतलं. फक्त ऐंशी हजार चाललंय. सकाळी काढलं, संध्याकाळी बसवलं." शिवाय कुणाला विचारण्याआधीच पाच हजार टोकन देऊन आलेला.

यांनी विचारलं, "इंजिन नंबर काय?" मेव्हणा म्हणाला, "नंबराचं बघू पुढे." झालं! हे म्हणजे सांगून आलेल्या स्थळासारखं, फोटो झकास आणि पत्रिका विचारली की विषय बदलायचा. ज्या गाडीतून ते काढलं तिची आरसी कुठाय, ती रद्द झालीय का, विकणाऱ्याचं बिल कुठाय, नंबर घासलेला तर नाही? हे सगळं असेल तर आरटीओकडे अर्ज करून आपल्या आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यायचा, विम्यात कळवायचं, गाडीवर कर्ज असेल तर त्यांची ना हरकत. नसेल तर कुणाच्या तरी चोरीच्या गाडीचं काळीज आपल्या गाडीत घालून फिरायचं, आणि नाक्यावर पोलिसाने बोनेट उघडायला सांगितलं की घाम. दुसरं म्हणजे ते "फक्त ऐंशी हजार" कुणी मोजलेत? मीटर गाडीत असतो, इंजिनात नाही. आणि अपघातात गाडी कशावर आपटली, इंजिनाच्या पायांना तडा गेलाय का, महिनोन् महिने उघड्यावर पडून पावसाचं पाणी आत उतरलंय का, हे बाहेरून चकचकीत ग्रीस-पेंट मारलेल्या ब्लॉकवर दिसत नाही.

हे तर स्पष्ट म्हणाले, इंजिन बदलायचंच असेल तर कंपनीने खोलून, मापून, पुन्हा बांधलेलं घ्यावं. टाटाच्या गाड्यांसाठी प्रोलाइफ म्हणून तशी सोय आहे, जुनं द्यायचं, रिकंडिशन केलेलं घ्यायचं, वॉरंटीसकट. महागात जातं पण कागद बरोबर येतो. मेव्हणा तोंड पाडून चहा प्यायला. दोन कप प्याला मात्र.

राहता राहिला गॅरेजवाला. त्याने गाडी न खोलताच सांगितलं होतं, "फुल इंजिन." म्हणजे बोअरिंग, नवे पिस्टन-रिंगा, क्रँक ग्राइंडिंग, मेन-कॉन बेअरिंगा, हेडचं सगळं काम, पंप-नोझल, ऑइल पंप. आकडा लाखाला टेकलेला. गॅरेजवाले सगळे लबाड असतात असं मी म्हणणार नाही. त्याचंही बरोबर असतं. अर्धं काम करून दिलं आणि महिन्याने दुसरंच काही गेलं की गिऱ्हाईक त्याच्याच उरावर बसतं. म्हणून तो सरसकट फुल सांगतो. पण न मोजता?

मग हे गेले गॅरेजमध्ये. आपला पत्र्याचा डबा घेऊन, त्यात गेज. दुपारी मी जेवणाचा डबा द्यायला गेले तर काय, यांचे हात कोपरापर्यंत काळे आणि चेहरा असा खुललेला की आमच्या लग्नातसुद्धा एवढा नव्हता. चारही नोझल काढून फडक्यावर ओळीने ठेवलेले. एकेका भोकात गेज बसवायचं, पोराला स्टार्टर मारायला सांगायचं, काटा चढतो तो बघायचा. पहिल्यात सत्तावीस. दुसऱ्यात तेरा. तिसऱ्यात बारा. चौथ्यात सव्वीस. मला त्यातलं काय कळणार, पण हे माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? शेजारी शेजारी दोन." मग त्या दोन्हींत चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलने फट भरते आणि काटा वर जातो. नाही गेला. तेराचे साडेतेरा झाले असतील. म्हणजे हवा खालून पिस्टनपाशी गळत नव्हती, वरून एका सिलिंडरातून दुसऱ्यात जात होती. हेड गास्केट, दोन आणि तीनच्या मधोमध.

हेड उतरवलं तेव्हा मी मुद्दाम थांबले. गास्केटवर त्या दोन भोकांच्या मधे करंगळीएवढी जागा जळून काळी. बस्स, एवढीच. अख्खी गाडी घाटात बसवणारी जागा एवढीशी. हेडवर स्टीलची पट्टी उभी ठेवून खालून फीलर गेजची पातळ पानं सरकवून बघितली, ०.१५ आरामात गेलं. हेड तापून वाकलेलं. त्याचं फेसिंग करायला लेथवर पाठवलं, आधी तडा आहे का ते पाण्याच्या दाबावर तपासायला सांगून. मग यांनी मला बोलावलं आणि सिलिंडरच्या वरच्या काठाजवळ नख फिरवायला सांगितलं. वरची रिंग जिथपर्यंत येते तिथे झिजून कड पडते. बोअर गेलेला असेल तर नख अडकतं. माझं नख अडकलं नाही, नुसतं जाणवलं. मग यांनी डायल गेज घालून वर, मध्ये, खाली, आडवं, उभं सगळं मोजलं. मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा कमी झीज. आतल्या भिंतीवर होनिंगच्या तिरप्या रेघा अजून दिसत होत्या, चौदा वर्षांनंतर!

हे गॅरेजवाल्याला म्हणाले, "हा बोअर कापलास तर पाप लागेल." कारण बोअरिंग म्हणजे लोखंड कापून टाकणं. आज अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन घातला, पुढच्या वेळी एक मिलिमीटर, त्यानंतर स्लीव्ह मारायची पाळी. कापलेलं परत येत नाही. जिथे गरज नाही तिथे एक साइज फुकट घालवायचा का? त्या माणसाने स्वतः गेज धरून पुन्हा मोजलं आणि मान्य केलं. कारागीर होता, मोजलेलं दिसल्यावर वाद घातला नाही. उलट त्यानेच सुचवलं की ऑइल चेंबर उघडतोच आहोत तर कॉनच्या बेअरिंगा आणि रिंगा नव्या टाकू, हलकं होनिंग करू, पिस्टन तेच. क्रँकला हात नाही. व्हॉल्व्ह लॅपिंग, गाइड, सील, हेडचे नवे बोल्ट. नोझल तपासायला पाठवले, डिझेल पंपाला कुणी बोट लावलं नाही. सगळं मिळून पन्नास हजारांच्या आत.

पण खरी गंमत पुढे. गास्केट का जळलं? हे काही "झालं दुरुस्त" म्हणून घरी येणाऱ्यांतले नाहीत. रेडिएटर खोलला तर खालच्या निम्म्या नळ्या गंजाने आणि गाळाने चोंदलेल्या. कूलंट म्हणून नुसतं नळाचं पाणी. आणि थर्मोस्टॅटच्या जागी काहीच नाही! कुणीतरी कधीतरी काढून फेकलेला. आपल्याकडे मिस्त्रींची ही लाडकी सवय आहे, गाडी गरम होते ना, काढ थर्मोस्टॅट. चोंदलेला रेडिएटर तसाच राहतो, इंजिन सपाटीला थंडच चालतं, थंड चाललं की लवकर झिजतं, आणि घाटात भार पडला की उकळतं ते उकळतंच. एअर फिल्टर तर बघवत नव्हता. मेट्रो १२ चं काम सुरू झाल्यापासून शिळ रोडची धूळ तुम्ही आम्ही गॅलरीत पुसतो, ती याच्या इंजिनाने खाल्ली. हा काय करायचा, हवेच्या पंपावर फिल्टर झटकून पुन्हा बसवायचा. त्या दाबाने कागदाला बारीक भोकं पडतात, मग धूळ थेट सिलिंडरात. बोअर वाचला हे नशीब. रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंख्याचा पट्टा, फिल्टर, कूलंट हे सगळ्यात स्वस्त काम होतं आणि लाखाच्या त्या अंदाजपत्रकात नेमकं हेच नव्हतं. असं फुल इंजिन बांधून याच रेडिएटरवर चालवलं असतं तर पुढच्या मे महिन्यात पुन्हा माळशेज.

तुम्ही विचारताय ते बरोबर आहे, चौदा वर्षांच्या गाडीवर पन्नास तरी का घालायचे? मीही तेच विचारलं. तर आधी यांनी इंजिन सोडून बाकीची गाडी बघितली होती. खाली झोपून चासीवर हातोडीने टकटक, आवाज खणखणीत येतो की बद्द ते ऐकत. पाट्यांचे ब्रॅकेट, हौद्याखालचे आडवे मेंबर. भाजीची गाडी म्हणजे कायम ओल, गंज तिथेच धरतो. दोन ठिकाणी वेल्डिंग लागेल म्हणाले, पण चासी सरळ आहे. ती सडलेली असती तर मीच सांगितलं असतं की इंजिनाचा विचारसुद्धा करू नको. ब्लॉकला तडा असता, क्रँक खाल्लेला असता, तरी हिशोब वेगळा होता.

आणि कागदाचा हिशोब तर तिने वहीत करूनच ठेवलेला. गाडी २०१२ ची, जुन्नरकडची, एमएच-१४. पुढच्या वर्षी पंधरा भरतील. आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतंच, ते हा करतोच कल्याण आरटीओला. पण गाडी जुनी होत गेली की फिटनेसची फीही वाढते, २०२२ पासून ती चांगलीच वाढवलीय. पंधरा झाली म्हणजे गाडी आपोआप भंगारात जाते असं नाही, हे भाऊसाहेबांना कुणीतरी सांगा. तो सक्तीचा नियम १ एप्रिल २०२३ पासून सरकारी गाड्यांना लागला. खासगीला फिटनेस मिळालं तर चालते. नाही मिळालं तर २०२१ च्या स्क्रॅप धोरणाप्रमाणे मान्यताप्राप्त केंद्रात द्यायची, ते जमा प्रमाणपत्र देतात आणि त्यावर नव्या मालवाहू गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. ते प्रमाणपत्र भंगारवाला देत नाही. तिने ते खाली दोन रेघा मारून लिहिलंय.

गाडी पंधराच्या आत असो वा बाहेर, पीयूसीला धूर तपासतातच. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला ६५ पर्यंत चालतो, बीएस-४ ला ५०. हिचा नोझल साफ झाल्यावर निम्म्यावर आलाय.

हो, दिल्लीसारखी डिझेलबंदी आली तर? तुमच्या मिस्टरांनीही त्या दिवशी काढलं होतं. बंदी आलेली नाही. उच्च न्यायालयाने प्रदूषणावर बोल लावले आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने समिती नेमली, मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का ते बघायला. त्यात आपलं कल्याण-डोंबिवलीही आलं. हे म्हणतात, १९९९ सालीही कोर्टाने अशीच लाल यांची समिती बसवली होती आणि त्यातून पुढे मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. म्हणजे समितीवर हसायचं नाही. पण मला राहून राहून वाटतं, आपल्याकडे २०१४ ला हिरवा पाऊस पडला, २०२० ला एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तेव्हा त्यात पिकअपचा काय हात होता? असो. दिल्लीसारखं झालंच तर दहा लाखांची डिझेल गाडी घेऊन बसलेला जास्त रडेल की पन्नास हजार घालणारा, तुम्हीच सांगा. तिने हाच मुद्दा भाऊसाहेबांपुढे ठेवला. पन्नास हजार म्हणजे नव्या गाडीचे तीन हप्तेसुद्धा नाहीत. गाडी वर्ष-दीड वर्ष चालली तरी ते वसूल, आणि मग विकायची वेळ आली तर चालू गाडीला गिऱ्हाईक येतं, बंद गाडीला फक्त भंगारवाला. तोवर दर महिन्याला दहा हजार पोस्टात टाकणार आहे, नव्याच्या डाऊन पेमेंटसाठी. हप्ता भरल्यासारखंच, फक्त व्याज आपल्याला.

परवा गाडी आली. पहिले हजार किलोमीटर घाट नाही, भार नाही, गाडी पळवायची नाही, मग ऑइल बदलायचं, हेडचे बोल्ट पुन्हा बघायचे, असा यांचा हुकूम. म्हणून सध्या टिळकनगरातलं फर्निचर पश्चिमेला आणि पश्चिमेतलं गोग्रासवाडीत अशी भाडी मारतोय. सकाळी सुरू करतो तेव्हा मी स्वयंपाकघरातून ऐकते, एका दमात लागते हो. मला पण आता कान आलाय.

आणि तुम्हाला मुद्दाम हाक मारली ती वेगळ्याच कारणासाठी. त्या मेव्हण्याचे टोकनचे पाच हजार कुर्ल्यात अडकलेत. दुकानदार परत देत नाही, म्हणतो इंजिन न्या. आता तो त्या इंजिनाला दुसरं गिऱ्हाईक शोधत फिरतोय. काल दादाच्या बायकोला विचारत होता, शेजारच्या काकूंच्या भावाकडे टिटवाळ्याला जुनी पिकअप आहे ना, नंबर द्या त्यांचा. तिने नाही दिला, पण तो तुमच्या दारात येईलच आज-उद्या, पांढरे बूट घालून. भावाला आत्ताच फोन लावा. म्हणावं, चहा दे हवा तर, पण आधी इंजिन नंबर आणि बिल माग. आणि चिमटे सांभाळा, तो निळा टॉवेल आमच्या बाजूला पडला बघा.